एकवीस कळशा

"नवं पाणी लागलं की आधी देवाला एकवीस कळशा, मग वटी. उलटं करू नगंस."

सासूबाई चन्नम्मा जाऊन बारा वर्षं झाली. तरी रोज सकाळी महादेवाच्या पिंडीवर तांब्या रिता केला, की शिवकांताबाईंना हा आवाज ऐकू येई. त्याच्यामागोमाग दुसरा आवाज. कोरड्या हापशाचा. घशात जीव अडकलेल्या माणसानं श्वास ओढावा तसा.

हापसा तीन वर्षांपूर्वीचा. पैसा परदेशातल्या लोकांचा, काम शहरातल्या एका संस्थेचं. उद्घाटनाला गोरी बाई आली. तिनं दांडा दाबला, पाणी आलं, टाळ्या पडल्या. शिवकांताबाई कळशा मांडायला वाकल्या, तोच संस्थेचा अमरनाथ कानाशी आला.

"काकू, पाहुण्यांना विमान गाठायचंय. ओटी आधी उरका. देव काय पळून चाललाय?"

लोक हसले. त्याही हसल्या आणि खणनारळानं हापशाची ओटी भरून बसल्या. फोटो निघाला.

देवाच्या आधी घरी पाणी न्यायची गावाची रीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या देवाच्या कळशा भरू लागल्या. नववी अर्धी झाली नि हापसा धापा टाकायला लागला. गावातल्या धनाजीनं हापशाच्या ओट्याची फरशी उचकटली. खाली बोअरचं भोक नव्हतंच; पाण्यानं भरून पुरलेली प्लास्टिकची टाकी होती.

लोक चिडले, चार खेटे घातले, दमले. पण कागदावर गावाला पाणी मिळालं होतं, पुराव्याला शिवकांताबाईंचा फोटो होता. सरकारी टँकर बंद झाला.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारची हमिदाबी जुन्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली. दोन दिवस जगली.

"शिवकांता, तुजा फोटू बोलला, तू बोलली न्हाईस," ती म्हणाली. "त्या गोऱ्या बाईला खरं कळवशील?"

"कळवते," त्या म्हणाल्या आणि तिचा हात हातात घेतला.

माती झाल्यावर हमिदाबीची तांब्याची कळशी तिच्या नवऱ्यानं, पाशामियाँनी, शिवकांताबाईंच्या ओसरीवर आणून ठेवली. तेव्हापासून दुपारी घर सामसूम झालं, की त्या कळशीतनंही धाप ऐकू येई. त्या तोंडावर ताटली झाकत. धाप थांबत नसे.

परवा अमरनाथ पुन्हा आला.

"काकू, सोमवारी सोनारीकडच्या एका वस्तीवर हापसा होतोय. तीच बाई येणार. ओटी तुमच्याच हातची पाहिजे म्हणते. फोटो लई आवडला तिला."

"तिची बोली मला कुठं येती, बाबा?"

"मी आहे की सांगायला."

शिवकांताबाईंनी कळशीवरची ताटली नीट केली. "त्या वस्तीला टँकर येतो का रे?"

"येतो की. आता त्याची गरज पडणार न्हाय."

"बरं," त्या म्हणाल्या. "येते मी. ओटीचं सामान माझं मी आणीन."

सोमवारी त्यांनी पिंडीवर तांब्या रिता केला. कपाळाला भस्म लावलं. दारात पाशामियाँची टमटम उभी होती. गावातल्या बायका एकेक करून येत होत्या आणि आपापली कळशी मागं ठेवून जात होत्या. वीस झाल्या. एकविसावी, हमिदाबीची, शिवकांताबाईंनी ताटली काढून मांडीवर घेतली.

पाशामियाँनी त्या कळशीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"बाई, ह्या टायमाला टाकी मोठी पुरली असंल तर?"

"तर पुन्हा एकवीस. आज माझा उपासच हाय. घाई कुणाला हाय?"

पदर सावरून त्या टेकून बसल्या. टमटम सोनारीच्या रस्त्याला लागली, आणि मागं रिकाम्या कळशा एकमेकींना लागून हळूहळू वाजत राहिल्या.