घाटात अडणारं तेल

धारूरच्या सुंदरराव मालकांनी हैदराबादेहून विलायती फटफटी आणली, तेव्हा माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. आमचे हे, मुंजाजी, मूळचे मेंढरांमागे हिंडणारे. पण मोमिनाबादच्या कापसाच्या जिनिंगात पाच वर्षं ऑइल इंजिनावर राबलेले, म्हणून फटफटी यांच्या हाती आली. हे चालवायचे, मालक मागे बसायचे. बदल्यात राहायला खोली आणि महिन्याचा पगार. मेंढरांमागची उन्हं सुटली होती.

दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी फटफटी बिघडली. तेलाच्या टाकीजवळ काचेची एक कुपी होती. इंजिनाला जाणारं वंगणाचं तेल तिच्यात थेंबथेंब पडताना दिसायचं. थेंब थांबला की इंजिन तापणार, आणि तसंच रेटलं तर आतून चिकटून बसणार. अंगणात थेंब नीट पडायचे. घाट चढायला लागलं की मैलाभरात बंद. हे तिथंच उतरायचे आणि अर्धी वाट फटफटी ढकलत आणायचे.

मालक म्हणाले, "सोमवारी मला बीडला कचेरीत हजर व्हायचं हाय. तवर झाली तर ठीक, न्हाईतर तुझी मेंढरं तुला बरी."

शुक्रवारी यांनी तेल ओढणारा पंप खोलून घासलेटात धुतला, कातडी चकती बदलली. शनिवारी सगळे जोड पुन्हा कसले, कुठून हवा ओढत असेल म्हणून. तेल घट्ट झालं असेल म्हणून गरम करून पाहिलं. नळी सोडली की तेल धारेनं यायचं. जोडून घाटात गेलं की पुन्हा तेच.

"टाकीत हाय, नळीत हाय, मग कुपीत कावून येत न्हाई?" हे मलाच विचारायचे. नखांत काळं, डोळे लाल, पुढ्यातली भाकरी गार.

मला थोडं ठाऊक होतं आणि तेच गिळून मी दोन दिवस बसले होते. खंडेनवमीला फटफटीची पूजा झाली. हे तेल भरता भरता नारळ आणायला गेले आणि टाकीचं तोंड उघडंच राहिलं. मालकांच्या आई, वच्छलाबाई, पूजा करीत होत्या. ताट माझ्या हातात. बैलाला घास भरवावा तशा त्यांनी चिमूटभर कुंकवाच्या अक्षता त्या तोंडात सोडल्या. म्हणाल्या, "वरवर कशाला? पोटातबी पडू दे." मालकिणीला मी काय बोलणार? आणि तांदळाच्या दाण्यानं लोखंडाचं काय बिघडणार, असंही वाटलं.

शनिवारी संध्याकाळी मी ते सांगितलं. हे रागावले नाहीत. नुसते भिंतीला टेकले. "पंप चारदा खोलला मी, अगं," एवढंच म्हणाले.

मग टाकीतलं सगळं तेल माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळलं. सात लाल दाणे निघाले. घाटात पंप जोरानं ओढायला लागला की एखादा दाणा नळीच्या तोंडाशी बसायचा, नळी सोडली की ओढ सुटून मागं सरायचा. म्हणून तो कधी सापडलाच नाही.

रविवारी सकाळी हे घाट चढून-उतरून आले. थेंब एकदाही थांबला नव्हता.

"काय झालतं?" मालकांनी विचारलं.

"कचरा होता, मालक."

"कचरा आपल्या पायानं चालत आला का बे? उद्या मला बीडला पोचव. परवापासून मेंढरं बघ. मी दुसरा माणूस आणतो."

हे मान खाली घालून फटफटी पुसायला लागले. मी दाराआडून बोलले. कशी बोलले, आज सांगता येत नाही. "मालक, अक्षता होत्या. खंडेनवमीच्या."

वच्छलाबाई ओसरीवर वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "व्हय, मीच टाकल्या. मनकर्णा ताट धरून उभी होती की."

मालक यांच्याकडे वळले. "आईनं टाकल्या तर टाकल्या. तू झाकण उघडं कावून ठेवलं?"

"चुकलं, मालक."

"राहू दे रे त्याला," वच्छलाबाई म्हणाल्या. "फटफटी चालतीय न्हवं?"

मालक "बरं" म्हणून आत गेले. नोकरी राहिली.

खोलीवर आल्यावर मी राखेनं यांचे हात चोळत होते. विचारलं, "तुमी चुकलं असं कावून म्हणले?"

"मग काय म्हणू? त्यांना तेवढंच ऐकायचं होतं." पुढं म्हणाले, "तू शुक्रवारीच सांगायला पायजे होतं."

"भ्याले मी."

"मीबी भ्यालोच की."

हात अर्धेच धुऊन झाले होते. बसल्या जागी यांचा डोळा लागला. मी मनगट तसंच धरून बसले, सोडलं तर जागे होतील म्हणून. उद्या पहाटे बीडला निघायचं होतं.