कापलेल्या कडा

बाइंडरीत तिला सगळे मोठ्या बाई म्हणायचे, आणि ते तिला मनापासून पटलेलं होतं. हाताखाली माणसं असूनही महत्त्वाची पुस्तकं ती स्वतः बांधायची. घरातही तिचाच शब्द चाले. पडद्यांचा रंग, मुलीचं कॉलेज, सुट्टीत कुठे जायचं, सगळं ठरवून ती मोकळी व्हायची आणि नवरा म्हणायचा, "छान." भांडण कसं असतं ते ठाऊकच नव्हतं. शेजारणी हेवा करायच्या.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. अबोल माणूस. त्याला नाद एकच, भुताखेतांच्या आणि परग्रहांच्या जुन्या कॉमिक्सचा. एकेका अंकात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी. एकीत थडग्यातून हात वर यायचा, दुसरीत यान परत यायचं ते माणसांऐवजी भलतंच काही पोटात घेऊन. पोरवयापासून रद्दीची दुकानं धुंडाळून जमवलेले ते अंक तो पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचा. रविवारी दुपारी एखादा काढायचा, खाली स्वच्छ फडकं अंथरायचा आणि पान उलटताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. तिला मात्र त्या कागदांची कीव यायची. गंजलेल्या पिना, पिवळी पानं, कुरतडल्यासारख्या कडा.

त्याच्या पन्नाशीच्या सुमारास तो शाळेच्या सहलीबरोबर गेला, तेव्हा तिने ट्रंक रिक्षात घालून बाइंडरीत नेली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पिना उपटल्या. जाहिरातींची पानं उगाच जाडी वाढवतात म्हणून काढून टाकली. अंक शिवले, तिन्ही बाजू मशिनवर कापून लोण्यासारख्या गुळगुळीत केल्या, वर कातडी पुठ्ठा आणि पाठीवर सोनेरी अक्षरं. सहा देखणे खंड झाले.

तो परत आला. पलंगावर बसून त्याने खंडांवर गुंडाळलेला कागद सोडला आणि कापलेल्या कडेवरून बराच वेळ तळवा फिरवला.

"छान झालंय," तो म्हणाला. "फार मेहनत घेतलीस."

त्याचे डोळे भरून आले होते. ही गोष्ट तिने पुढे शंभरदा सांगितली. खंड बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात गेले आणि येईल त्या पाहुण्याला बाहेरूनच दाखवले गेले. तो शेजारी उभा राहून मान डोलवायचा. त्यानंतर त्याने एकही नवा अंक आणला नाही. वय झालं असेल, तिला वाटलं.

पुढे त्याचे गुडघे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावरचं घर निघालं, पण ते घ्यायला पैसे कमी पडत होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, बाबांच्या त्या भुतांच्या कॉमिक्सना आता सोन्याचा भाव आलाय. लिलाव होतात त्यांचे!"

तिने नवऱ्याला सांगितलं. "नको," तो म्हणाला. "राहू दे ते."

जीव अडकलाय बिचाऱ्याचा, असं मनाशी म्हणत तिने व्यापाऱ्याला बोलावून घेतलंच.

व्यापारी सभ्य माणूस होता. बसायच्या आधी त्याने हात धुतले, पुसले, पांढरे हातमोजे चढवले. पहिला खंड उघडताना पाठीतून कट्कन आवाज आला. ती चपापली. पहिल्यांदाच उघडलेल्या बांधणीचा तो आवाज तिने जन्मभर ऐकला होता. दुसरा खंड उघडला. पुन्हा कट्. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"पहिल्या अंकापासून पूर्ण संच," व्यापारी हळू आवाजात म्हणाला. "असा मी आजवर पाहिला नव्हता. बांधला कुणी हो?"

"मीच!" ती म्हणाली.

त्याने हातमोजे काढले. "काकू, काम सुरेख आहे. पण कापलेल्या अंकाला आमच्याकडे काही मोल नसतं. शिवाय पानंही कमी आहेत. सुटे राहिले असते, अगदी फाटकेसुद्धा, तर मघाशी तुम्ही म्हणालात ते तळमजल्याचं घर आलं असतं, आणि वर काही उरलंही असतं. आता फार तर मुखपृष्ठं कापून फ्रेम करता येतील. हॉटेलवाले भिंतीला लावतात."

"न्या," नवरा म्हणाला. भाव विचारला नाही, वळूनही पाहिलं नाही.

व्यापारी खंड घेऊन जिना उतरला तशी तिने दार लावलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कागद सोडला तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत? इतकी वर्षं मी कपाट उघडून मिरवत होते, तुम्ही माना डोलवत होतात! माझं हसं होऊ दिलंत."

"मी कधी हसलो नाही."

"एकदा तरी तोंड उघडायचं होतंत!"

"कापून झाल्यावर?" आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणूनच तिला तो झोंबला. "आधी विचारलंस का कधी? पडदे, पोरीचं कॉलेज, एक तरी गोष्ट? आजही नको म्हटलं होतं मी. आला ना तो माणूस घरात?"

तो पाण्याचा ग्लास घेऊन आत गेला.

तळमजल्यावरचं घर दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. तो कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरतो. ती आता सगळं विचारते. चादर ही घालू की ती? पंखा वाढवू? तो म्हणतो, "छान आहे." संसारातल्या कुठल्या कुठल्या "छान"खाली काय काय गाडलं होतं, ते उकरत ती जागी असते.

एकदा तिने मुद्दाम भाजीत मूठभर मीठ टाकलं आणि समोर बसली. तो शांतपणे घास घास करून जेवला. ताट पुसून स्वच्छ केलं.

"कशी झाली होती?"

"छान."

"अहो, तोंडात धरवत नाही इतकी खारट आहे ती!"

"हो का?" तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.