ट्रकची निळी बॉडी

सासऱ्यांनी खोक्यावरची चिकटपट्टी सुरीने कापली, वरचा कागद बाजूला सारला आणि रिमोटवरच्या खेळण्यातल्या ट्रकची काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची बॉडी दोन्ही हातांनी उचलून धाकटीपुढे ठेवली. थोरली पलीकडे भाजी निवडत होती. बॉडी घ्यायला उठायचं म्हणून तिने हातसुद्धा पुसायला घेतले होते. ते तसेच फडक्यात राहिले.

"ही तू रंगव," सासरे धाकटीला म्हणाले. "माझा जुना ट्रक होता ना, अगदी तसा. सगळा निळा, दोन्ही अंगांना पांढरे बगळे आणि कपाळावर पिवळी कमान. त्याचा जुना फोटो शोधून देतो."

"मी? पण बाबा, दर वेळी ताई करतात ना?"

"तिचे डोळे दमतात आता. परवा सुईत दोरा ओवायला मला हाक मारली. मला!" थरथरणारी बोटं पुढे धरून ते हसले. "तू बाई नखाएवढ्या जागेत बाग फुलवतेस. तुला बगळा म्हणजे काय अवघड?"

धाकटी पार्लरमध्ये बायकांच्या नखांवर नक्षी काढायची. हात छान होता तिचा, खोटं कशाला बोला. पण थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

झोंबणार नाहीत तर काय! सासऱ्यांनी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला होता. काम सुटल्यावर घरात बसून बसून ते चिडचिडे झाले, भिंतीशीसुद्धा भांडायला लागले, तेव्हा रिमोटवर चालणारा हातभर लांबीचा ट्रक थोरलीनेच त्यांना आणून दिला होता. आता दर रविवारी त्यांच्यासारखे सात-आठ म्हातारे आपापले ट्रक घेऊन मैदानावर जमायचे, खड्ड्यांतून आणि चढांवरून ते पळवायचे आणि लहान पोरांसारखे हमरीतुमरीवर यायचे. आपटून आपटून बॉडी फुटायची. नवी आली की थोरली रंगवायची. आजवर पाच रंगवल्या तिने. मैदानावर कुणी वाहवा केली की सासरे म्हणत, "आमच्या सूनबाईचा हात आहे." कुठली सूनबाई, असं कुणी विचारत नसे, कारण घरात एकच होती. धाकटी येऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

आणि ही बॉडी काही नेहमीची नव्हती. सासऱ्यांनी आयुष्यभर चालवला त्याच बनावटीचा हा ट्रक, कुठून कुठून शोधून मागवलेला. तो खरा ट्रक भंगारात गेला त्या दिवशी ते जेवले नव्हते. त्यांना ताट नेऊन देणारी आणि ते तसंच परत आणणारी थोरलीच होती. त्याचे बगळे काढायचे ते तिने, असं ती मनाशी धरून चालली होती. तिने भाजीची जुडी उचलली आणि चांगली पानंसुद्धा देठांबरोबर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे आडवे झाले होते. थोरली वाळलेले कपडे काढायला गॅलरीत निघाली आणि दारातच थांबली. धाकटीने टेबलावर बॉडी उताणी ठेवली होती. खिडक्यांच्या जागी आतून नीट पट्ट्या लावलेल्या, आणि रंग बाहेर उडू नये म्हणून बाहेरून सगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्या हातात निळ्या रंगाच्या फवाऱ्याचा डबा होता आणि ती तो खळाखळा हलवत होती.

थोरलीने ते पाहिलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

ही बॉडी आतून रंगवायची असते. मग ट्रक कितीही घासला तरी रंगाला ओरखडा येत नाही. पण आतून रंगवायची म्हणजे सगळा क्रम उलटा. जे वर दिसायला हवं ते आधी काढायचं. आधी बगळे, आधी कमान, आणि निळा अगदी शेवटी, त्यांच्या पाठीवर. धाकटीचा हात नखांना सरावलेला. तिथे आधी खालचा रंग लावायचा आणि मग त्यावर नक्षी. इथे निळा आधी बसला, तर बगळे त्याच्या मागे जाणार आणि बाहेरून कुणाला दिसायचे नाहीत. पुसावं म्हटलं तर ते प्लास्टिक धुरकट होतं. थोरलीची पहिली बॉडी अशीच वाया गेली होती.

धाकटीने मान वर केली आणि हसली.

"ताई, बघा हं, सुरू करते."

एक शब्द पुरला असता. 'थांब' म्हणायला काही दात पडत नव्हते. पण थोरलीच्या तोंडातून भलतंच निघालं.

"कर की. तुला मी काय शिकवणार?"

फवारा सुटला. थोरली दोरीवरचे कपडे ओढून आत आली, आणि घडी घातलेला टॉवेल तिने तीनदा मोडून पुन्हा घातला. तिला बरं वाटत होतं, हे तिचं तिलाच कबूल करावं लागलं. होऊ दे एकदा फजिती. कळू दे सगळ्यांना, कुणाच्या हाताला काय येतं ते. पुढचे दोन दिवस धाकटी कामावरून आली की गॅलरीत बारीक ब्रश घेऊन बसायची, आणि थोरली तिकडे फिरकली नाही. कपडे वाळत घालायलाही तिने नवऱ्याला पाठवलं. "आज सूर्य कुठून उगवला?" म्हणत तो बिचारा चिमटे शोधत राहिला.

रविवारी सकाळी सासरे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी येऊन बसले. धाकटीने वर्तमानपत्र सोडवलं. बॉडीच्या बाहेरच्या अंगाला एक पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो तिने नखाने उचलून सरसर ओढून काढला.

ट्रक निघाला निळा. नुसता निळा.

"बगळे?" सासरे म्हणाले.

धाकटीने बॉडी फिरवून पाहिली, मग आत डोकावली. आत बगळे होते. सासऱ्यांनी ती तिच्या हातातून घेतली आणि उजेडाकडे धरून आत बघत बसले. थोरलीनेही वाकून पाहिलं. प्रत्येक पीस वेगळं काढलेलं होतं, आणि एका बगळ्याने तर एक पाय असा उचलला होता की आता टाकेल की मग. असं तिला जन्मात जमलं नसतं. एवढ्यातही तिचा जळफळाट झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली.

"अस्सा होता बघ," सासरे हळूच म्हणाले. "चूक माझी. आतून रंगव, एवढंच सांगितलं मी. क्रम उलटा असतो ते सांगायचं राहिलं."

"नाही बाबा, मीच मध्ये कुठे तरी घोळ घातला असणार," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सुरुवात तर ताईंच्या समोरच केली. त्या दारात उभ्या होत्या. चुकत असतं तर ताई बोलल्या असत्या ना?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच थोरलीला ते ऐकवेना.

सासऱ्यांनी थोरलीकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि धाकटीला म्हणाले,

"अगं, तिला तेवढ्या लांबून काय दिसणार? डोळे हे असे. डबा निळा की पांढरा, कळलंही नसेल बिचारीला."

"हो ना," धाकटी लगेच म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही. सॉरी हं, ताई."

मान हलवली की सुटका होती. म्हाताऱ्याने जाणूनबुजून वाट काढून दिली होती, आणि घरातलं कुणी पुन्हा तो विषय काढणार नव्हतं. थोरलीला ते समजत होतं. पण 'बिचारी' ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"दिसत होतं," ती म्हणाली. "मला स्वच्छ दिसत होतं."

सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. धाकटीच्या बोटांना अजून तो पापुद्रा चिकटलेला होता. तिने तो सोडवला, टेबलावर ठेवला, आणि थोरलीकडे वळली.

"मग, ताई?"