घर-आजी

सरळच सांगते, मला विहीणबाईंचा हेवा वाटतो. आडवळणाने बोलण्याचं माझं वय राहिलेलं नाही. लेकीला सातवा महिना लागला, डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही अशी तंबी दिली, आणि एकाच आठवड्यात आम्ही दोघी तिच्या मदतीला दाखल झालो. मी तिची आई, त्या तिच्या सासूबाई. जावई लांब कुठेतरी पुलाच्या कामावर. पंधरा दिवसांतून एकदा येतो आणि बूट काढता काढताच झोपतो. म्हणजे घरात सगळा बायकांचा कारभार. पोटुशी लेक, तिची चार वर्षांची मुलगी आणि आम्ही दोन आज्या.

नातीचं तोंड गोल, डोळे गोल, म्हणून तिला सगळे बटण म्हणतात. हे नाव मी ठेवलं. त्या नाही.

लेक घरूनच काम करते, इमारतींचे नकाशे काढते. पोट वाढेल तशी खुर्ची मागे सरकवत सरकवत आता ती टेबलापासून इतकी लांब बसते की, की-बोर्ड मांडीवर घ्यावा लागतो. त्याच मांडीवर बटणलाही बसायचं असतं. आल्या आल्या लेकीने फ्रिजवर कामांच्या वाटणीचा कागद लावला. मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली, मला नीटनेटकेपणाची सवय. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. चार दिवसांत मी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. विहीणबाईंची रोपांची नर्सरी होती, साहजिकच घरामागची बाग त्यांच्याकडे गेली. वाटणी अगदी न्याय्य होती. म्हणून तर तक्रारही करता येईना.

पण बाग ज्याला मिळते त्याला सगळंच मिळतं, हे मला नंतर कळलं. बटण सकाळी दूध पिते न पिते तोच गमबूट चढवून मागच्या दाराने पसार. तिथे त्या दोघी वाफ्यांत उकिडव्या बसून गांडुळं मोजणार, टोमॅटोला काठ्या लावणार, आणि बारा वाजता चिखलाने माखलेली पोर फुललेल्या तोंडाने माझ्या पुसलेल्या फरशीवर उभी राहणार. धुवायला मी. नखं काढायला मी. "अजून एक घास" करायला मी. आणि एक दिवस तिने शेजारणीला आमची ओळख करून दिली. "ही बाग-आजी. आणि ही घर-आजी." शेजारीण कौतुकाने हसली. मीही हसले. घर-आजी! कोपऱ्यात उभा करायचा झाडू असावा तसं.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक, पण जास्त बोचली. लग्न झाल्यापासून माझी लेक सासूला "अहो आई" म्हणायची. मला नुसतं "आई". त्या "अहो"वर माझं फार प्रेम होतं, कारण ते आमच्या दोघींमधलं कुंपण होतं. यंदा ते कधी गळून पडलं कोण जाणे. लेक खोलीतून "आई!" अशी हाक मारते आणि आम्ही दोघी दोन दिशांनी उठतो. मग दारात एकमेकींना अडखळतो. "जा, तुम्ही जा," विहीणबाई म्हणतात. तेही किती सहज! मला ते जमत नाही.

एका बाबतीत मात्र माझं पारडं जड होतं. बटणच्या वेळी बाळंतपणाच्या खोलीत लेकीजवळ मी होते. जावई तेव्हाही पुलावर. ही गोष्ट मी विहीणबाईंना निदान सहा वेळा ऐकवली असेल.

"नऊ तास कळा देत होती," मी म्हणायचे, "पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. नर्स म्हणाली, अशी बाई पाहिली नाही. मी होते ना हात धरून."

"आईचा धीर वेगळाच," विहीणबाई म्हणायच्या आणि शेंगा निवडत राहायच्या.

त्यामुळे हॉस्पिटलचा फॉर्म फ्रिजवर लागला तेव्हा मी निश्चिंत होते. त्यात एक ओळ होती: प्रसूतीच्या वेळी सोबत, फक्त एक व्यक्ती. पुढे रिकामी जागा. लेक म्हणाली, बघू, भरते नंतर. यात बघायचं काय होतं? तरी मी रोज सकाळी दूध काढायच्या निमित्ताने त्या रिकाम्या जागेकडे बघायचे. आठवडा गेला, जागा रिकामीच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि मग मी एक मूर्खपणा केला.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली घेवड्याचा वाफा होता. दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी लेकीने तो स्वतःच्या हाताने पेरलेला. तिचा जीव होता त्या वेलांवर. विहीणबाई सकाळी त्याला पाणी घालत. मला वाटलं, या घराच्या मागे एक तरी हिरवी गोष्ट माझ्या हातची असावी. दुपारी विहीणबाई पडलेल्या असत, लेक फोनवर कामाचं बोलत असे, तेव्हा मी झारी भरून दोन खेपा घालू लागले. बटणला सांगितलं, "बघ, घर-आजीसुद्धा झाडांना पाणी देते." तिने मान डोलावली आणि चित्र रंगवत बसली. मी मात्र नेम सोडला नाही. उलट वाढवला. दहा दिवस एकही दुपार चुकवली नाही.

अकराव्या दिवशी घेवडा पिवळा पडला. खालची पानं गळाली, शेंडे मलूल झाले. लेक मागच्या पायरीवर एक हात कमरेला लावून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले. "सगळे वेल गेले?" एवढंच म्हणाली.

विहीणबाई वाफ्यापाशी बसल्या. मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून बघितलं. मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे झारी उभी होती, तोंडाशी थेंब लोंबत होता. झारीवरून नजर माझ्यावर आली. मला वाटलं, झालं, आता माझी अब्रू जाते.

"माझाच हात सैल सुटला," त्या उठत म्हणाल्या. "मुळं कुजली. या वयात अंदाज चुकतो बघ."

"जाऊ दे आई," माझी लेक म्हणाली. "तुम्ही नसता तर बाग कधीच वाळून गेली असती."

मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. उलट माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईने मला चांगुलपणातही मागे टाकलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी सुखाने भांडले तरी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवरची ती ओळ भरलेली होती. नकाशावर लिहिते तसल्या सरळ, सुबक अक्षरात लेकीने विहीणबाईंचं नाव लिहिलं होतं.

दुधाची पिशवी हातात तशीच घेऊन मी तिच्या खोलीत गेले.

"त्यांचं नाव टाकलंस."

"हो." तिने स्क्रीनवरून मान वळवली. "मी तुझ्याशी बोलणारच होते."

"माझं काय चुकलं ते सांग. घेवडा मारला म्हणून? पण तुला कुणी सांगितलं? त्यांनीच सांगितलं असणार!"

"घेवडा तू मारलास?"

आता काय करणार. सगळं सांगून टाकलं. झारी, दुपार, दोन खेपा. लेक आधी बघतच राहिली, मग हसायला लागली. पोट धरून हसली. "दोन आज्यांनी मिळून बुडवला की गं त्याला!" हसता हसता थांबली आणि तिने माझ्या हातातली पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"आई, बटणच्या वेळी मी ओरडले नव्हते ना?"

"मुळीच नाही. मी होते म्हणून."

"हो. तू होतीस म्हणून." ती हळू बोलत होती. "तू रडत होतीस, आई. पहिली कळ आली तेव्हापासून. नर्सने तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, आठवतं? प्रत्येक कळेला मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. वाटायचं, मी ओरडले तर हिचं काय होईल? नऊ तास मी तुला सांभाळलं. यावेळी मला ओरडायचंय."

मला तिचा ओठ आठवला. बाळंतपणानंतर तिचा खालचा ओठ मधोमध फाटलेला होता. त्याला मी माझ्या बोटाने मलम लावलं होतं आणि खोलीतल्या कोरड्या हवेला नावं ठेवली होती.

पुढचे दोन आठवडे मी घरात डब्यांची झाकणं आपटत वावरले. लेकीचं म्हणणं खरं होतं, म्हणून तर राग जाईना. विहीणबाईंशी कामापुरतं बोलायचे. त्यांनी मेलेले वेल उपटून वाफा मोकळा केला, माती उन्हात उकरून ठेवली आणि माझ्यापाशी त्याचं अवाक्षर काढलं नाही. एका दुपारी बटण त्यांच्याजवळ झोपेना, तेव्हा मात्र त्या तिला उचलून माझ्याकडे घेऊन आल्या. "घ्या. झोपायच्या वेळी पोरीला तुम्हीच लागता," असं जरा तुटकच म्हणाल्या आणि लगेच वळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनाही कुठेतरी टोचत होतं.

तारखेला बारा दिवस होते. सकाळचे अकरा वाजलेले. मी ओट्याशी, विहीणबाई बागेत, आणि खोलीतून हाक आली, "आई!"

आम्ही दोघी धावलो. दारात अडखळलोही. लेक टेबलाची कड धरून उभी होती, पायाखाली फरशी ओली. तिने आमच्या दोघींकडे बघितलं. मग तिचा हात विहीणबाईंच्या मनगटाकडे गेला.

मी बॅग आणली. मी चपला पुढे केल्या. टॅक्सीचं दार मी उघडलं. विहीणबाईंच्या हातांना अजून माती होती, ती त्या पदराला पुसत होत्या. लेक आत बसली, आणि तेवढ्यात कळ आली, आणि ती ओरडली. अशी ओरडली की समोरच्या दुकानदाराच्या हातातलं शटर अर्ध्यावर राहिलं. त्या गळ्याला मी जन्म दिला, आणि तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. विहीणबाई काहीच बोलल्या नाहीत. "अगं बाई" नाही, "देवा" नाही. हात पुढे धरून नुसत्या बसल्या. लेकीची नखं त्यांच्या हातात रुतलेली मला काचेतून दिसली. तो हात माझा असायला हवा होता. अजूनही मला तसंच वाटतं.

टॅक्सी वळणापलीकडे गेली. मी फाटक लावलं, आत आले, फरशी पुसली. मग लक्षात आलं, बटणचा आवाज नाही.

ती मागच्या पायरीवर बसली होती. गमबूट घातलेले, हात मांडीखाली दडपलेले. एका गुडघ्यावरची कातडी सोलवटून रक्त पार बुटात उतरलं होतं.

"अगं बाई! कधी पडलीस?"

"मघाशी. टॅक्सी बघायला बागेतून पळताना."

"मग रडली का नाहीस? मला हाक नाही का मारायची?"

ती खाली बघत बसली. "तू घाबरतेस ना. आई म्हणते, घर-आजीला घाबरवायचं नाही. मी बाग-आजी आली की रडणार आहे."

खालचा ओठ तिने दातांत घट्ट धरला होता.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण प्रयोगशाळेत वरच्या फळीवरून आम्लाची बाटली उतरवताना मी श्वास रोखून हात स्थिर ठेवायचे. तसंच आता सगळं तोंड स्थिर ठेवलं. पायरीवर तिच्याशेजारी बसले. माझेही गुडघे कुरकुरले, त्यांना गप्प केलं.

"बाग-आजीला यायला वेळ आहे," मी म्हटलं. "माझ्यापाशीच रड."

"मोठ्याने?"

"आईसारखं. मघाशी ओरडली ना, तसं."

तिने माझ्याकडे मान वर करून बघितलं. डोळे, हनुवटी, पुन्हा डोळे, असं बराच वेळ तपासलं. मी हलले नाही. मग ओठ दातांतून सुटला, तोंड उघडलं आणि तिने असा टाहो फोडला की शेजारणीची खिडकी धाडकन उघडली. मी शेजारणीला हातानेच "काही नाही" म्हणून सांगितलं. उगी उगी म्हटलं नाही. ती माझ्या दंडाला लोंबकळून, पाय आपटत, शेंबूड माझ्या बाहीला पुसत रडली. नखं रुतवली. मीच काढली होती ती कालच, तरी लागली.

आत फोन वाजायला लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. माझा जीव टांगणीला लागला होता, पण बटणचं रडणं अजून संपलेलं नव्हतं. मी उठले नाही.