लेक आत्याकडे राहिली

सोपानतात्यांच्या घरी संस्कृती जन्मली तेव्हा कऱ्हाटीत पेढे वाटले गेले. मुलगी झाली म्हणून कुणी तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्या सुनेला, स्वरूपाला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं, आणि सासूनं, ठमाबाईंनी, त्यात काही कमी पडू दिलं नाही. बाळ तीन किलोचं, अंगानं भरलेलं. बारामतीच्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. कसलंच दुखणं नव्हतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याला नाव काय द्यावं, हे त्या घरात कुणाला कळलं नाही.

पोर रडायची. झबलं घालताना रडायची, काढताना रडायची. कुकरची शिट्टी झाली की दचकून निळी पडायची. अंगावर घेतली की दोन घोट प्यायची, मग मान झटकून पाठीची कमान करायची आणि आईपासून लांब स्वतःला मागं फेकायची. न्हाऊ घालायला येणाऱ्या रंगूबाईनं गावातली निम्मी पोरं पायावर घेतली होती. तीसुद्धा महिन्याभरात थकली.

"लेकरू वंगाळ न्हाय," ती ठमाबाईंना म्हणाली, "पर ह्याचं कातडंच पातळ हाय. समदं टोचतं ह्याला."

मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, घुटी झाली, ओव्याची धुरी झाली. गावातल्या दोघीतिघींनी स्वरूपाच्या खाण्यावर बोट ठेवलं, म्हणून तिनं दोन महिने डाळ आणि वांगं सोडलं. काही फरक पडला नाही. ठमाबाई पोरीला घेऊन अंगणात फिरायच्या, आणि कधीमधी ती त्यांच्या खांद्यावर गप व्हायची. तेव्हा त्या हळूच म्हणायच्या, "बघ, झोपली." त्यांच्या मनात काही नसायचं. पण स्वरूपाला ते चटका बसल्यासारखं लागायचं.

सुरुवातीला ती पोरीशी खूप बोलली. लोणी भापकरच्या माहेराबद्दल, कॉलेजातल्या मैत्रिणींबद्दल, तोंडाला येईल ते. पोर दुसरीकडं बघायची. स्वरूपा त्या बाजूला जाऊन वाकायची, तर पोर पुन्हा मान फिरवायची. असं किती दिवस करणार माणूस? बोलणं कमी होत गेलं आणि पाचव्या महिन्यात बंदच पडलं. ती पोरीचं सगळं वेळेवर करायची, पण भांडी घासावीत तसं करायची. तोंडातून शब्द न काढता.

गावची आशाताई सुप्रिया वजन करायला आली तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

"वजन झ्याक हाय," ती म्हणाली. "पर स्वरूपा, तू हिच्याशी बोलत न्हाईस का?"

"काय बोलू? तिला मी आवडत न्हाय."

"पाच महिन्यांच्या पोरीला काय कळतंय आवडनिवड?"

"तिला कळतंय," स्वरूपा म्हणाली, आणि काट्यावरून पोरीला उचलून आत गेली.

सुप्रियानं स्वरूपाच्या नवऱ्याला, ऋषिराजला, गाठलं आणि दोघांना बारामतीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोर नीट तपासली. मग टेबलावर उशी लावून तिला बसवलं आणि स्वरूपाला म्हणाल्या, "पाच मिनिटं खेळा तिच्याशी. मी नुसती बघते."

स्वरूपानं खुळखुळा घेऊन पोरीच्या तोंडासमोर वाजवला. पोरीनं मान वळवली. तिनं हनुवटीला धरून तोंड पुन्हा आपल्याकडं केलं, गुदगुल्या केल्या, टाळ्या वाजवल्या. पोरीचा ओठ थरथरला आणि तिनं सूर लावला.

"ह्याला आजार म्हणत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही बाळं उपजतच अशी असतात. आवाज, उजेड, हात, सगळं त्यांना जास्त होतं. ती तोंड फिरवते ना, तेव्हा ती तुम्हाला नको म्हणत नाही. तिला दम घ्यायचा असतो. तेवढं थांबा. ती परत बघेल, तेव्हा बोला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तुम्हाला कसं वाटतं? झोप लागते? रडू येतं?"

ऋषिराज शेजारीच उभा होता. स्वरूपा म्हणाली, "मी बरी हाय."

बाईंनी एका समुपदेशक बाईंचं नाव कागदावर लिहून दिलं. ऋषिराजनं तो खिशात ठेवला आणि पँटबरोबर तो धुतला गेला. तो काही वाईट माणूस नव्हता. पहाटे भेंडी तोडून आठच्या आत गाडीत भरायची, मग फवारणी, मग पाणी धरायचं. त्याला वाटलं, पोर मोठी होईल तशी सुधारेल.

स्वरूपानं मात्र ऐकलं. आठ दिवस ती पोरीपुढं हातभर अंतरावर बसून वाट बघायची. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. पहिले तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी पोरीनं मान फिरवली, भिंतीकडं बघत राहिली, आणि मग सावकाश वळून तिच्याकडं बघितलं. स्वरूपा हळूच म्हणाली, "काय गं?" पोरीच्या ओठांचा एक कोपरा वर गेला, मग दुसरा. पहिल्यांदाच ती आईकडं बघून हसली. तेवढ्यात आत ठमाबाईंनी चटणीसाठी मिक्सर लावला.

त्या दिवशी पोर दोन तास रडली. नंतरचे चार दिवस स्वरूपा तशीच बसली, पण पुन्हा ते झालं नाही. नवव्या दिवशी ती बसली नाही.

मग भेंडीच्या शेतातली ती दुपार आली. ऋषिराज माल घेऊन बारामतीला गेला होता आणि ठमाबाई एका लग्नाला. स्वरूपानं लिंबाच्या फांदीला साडीची झोळी बांधून पोरीला निजवलं आणि खुरपायला बसली. पोर उठली आणि रडू लागली. स्वरूपानं झोका दिला, घेऊन फिरली, अंगावर घेतली, पुन्हा निजवलं. रडणं चढतच गेलं. तेव्हा ती खुरपं टाकून चालायला लागली. बांधावरून विहिरीपर्यंत गेली, विहिरीच्या पुढं मोटारीच्या खोलीपर्यंत गेली, तिथंही बारीक आवाज येत होता, म्हणून आणखी पुढं, ओढ्याच्या काठापर्यंत गेली. तिथं काही ऐकू येत नव्हतं.

ती खाली बसली. सात महिन्यांत इतकं शांत तिला कधी वाटलं नव्हतं. आपण उठावं, असं तिला वाटलंच नाही. ती किती वेळ बसली हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

परत आली तेव्हा लिंबाखाली सासरे उभे होते. तात्यांच्या खांद्यावर पोर हुंदके देत होती, तिचा घसा पार बसला होता. झोळीच्या दोरीवरून लाल मुंग्या उतरल्या होत्या. पोरीच्या मांडीवर, पोटावर, कानामागं गांधी उठल्या होत्या. तात्या एका हातानं एकेक मुंगी वेचून टाकत होते.

"कुठं गेली व्हतीस?"

मोटर बंद करायला, असं म्हणता आलं असतं. स्वरूपा म्हणाली, "आवाज येणार न्हाय तितं."

तात्यांनी तिच्याकडं बघितलं. रागावले नाहीत. पोरीला घेऊन घराकडं चालू लागले. घरी ठमाबाईंना त्यांनी झोळीत मुंग्या झाल्या एवढंच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी वालचंदनगरला थोरल्या लेकीला, संजीवनीला, फोन लावला.

संजीवनीचा नवरा तिथं कंपनीत होता. त्यांचा एकुलता मुलगा त्याच वर्षी शिकायला हॉस्टेलवर गेला होता. क्वार्टर जुनी, जाड भिंतींची, पुढं झाडं. माणसं दोन, त्यातलं एक दिवसभर कामावर. संजीवनी आली, दोन दिवस राहिली, आणि जाताना म्हणाली, "पंधरा दिवस नेते हिला. तुला झोप तर मिळंल."

सगळे स्वरूपाकडं बघत होते. तात्या तेवढे जमिनीकडं बघत होते. ती म्हणाली, "न्या, ताई."

गाडी गेल्यावर तिला झोप लागली. सलग चौदा तास. उठली तेव्हा ब्लाउज दुधानं भिजला होता.

पंधरा दिवसांनी ती भेटायला गेली तर पोर तिला बघताच किंचाळली आणि संध्याकाळपर्यंत थांबली नाही. संजीवनी अवघडून म्हणाली, "चार दिवस झाले, जरा रुळायला लागली व्हती. थोडे दिवस तू न्हाई आलीस तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. स्वरूपानं ते मनातल्या मनात पुरं केलं आणि घरी आली. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, मग चार. दूध आटलं. फोनवर फोटो यायचे: संस्कृती बसली, रांगायला लागली, दात आले. स्वरूपा ते बघायची आणि ठमाबाईंकडं फोन द्यायची.

वर्षाची व्हायला आठ दिवस होते तेव्हा घरात ठरलं की वाढदिवस कऱ्हाटीतच करायचा आणि पोरीला कायमची आणायची. स्वरूपानं तिच्यासाठी दोन फ्रॉक घेतले आणि ऋषिराजच्या मागं गाडीवर बसून निघाली. बारामती, भवानीनगर, लासुर्णे करत दोघं वालचंदनगरला पोचली.

संस्कृती बाहेरच्या खोलीत फरशीवर बसून डब्यांची झाकणं मांडत होती. अंगानं चांगली झाली होती. माणसं आत आली तशी तिनं मान वर केली, बघितलं, आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाली, "आई."

संजीवनी हात पुसत बाहेर आली. तिचा चेहरा उतरला. "मी न्हाय शिकवलं गं हिला," ती म्हणाली. "शेजारची पोरं आपल्या आईला हाका मारत्यात, तितनं उचललं. मी तिला आत्याच म्हणायला शिकवतीय. तुझी शपथ."

"असू द्या, ताई."

जेवणं झाली. स्वरूपा आल्यापासून नणंदेकडं बघत होती. पोर अजून तीच होती. बाहेर ट्रॅक्टर गेला तर दचकली, भाताचा घास नको म्हणून मान फिरवली. पण संजीवनीनं चमचा खाली ठेवला आणि दुसरीकडं बघत बसली. पोरीनं थोड्या वेळानं स्वतःहून तोंड पुढं केलं. "आ," संजीवनी म्हणाली. "आ," पोर म्हणाली. त्यात काही विशेष नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच होतं. फक्त इथं घाई कुणालाच नव्हती, आणि मिक्सर लावायच्या आधी संजीवनी पोरीला मागच्या ओट्यावर नेऊन बसवायची.

दुपारी स्वरूपा म्हणाली, "ताई, मला जरा एकटीला बसू द्या हिच्यापाशी."

संजीवनी आत गेली. ऋषिराज बाहेर झाडाखाली गेला. स्वरूपा भिंतीला टेकून बसली, हातभर अंतरावर. हात पुढं केला नाही. पोर झाकणं वाजवत होती. बऱ्याच वेळानं तिनं वर बघितलं.

"काय गं?" स्वरूपा म्हणाली.

पोर तिच्या तोंडाकडं बघत राहिली. स्वरूपानं हसायचा प्रयत्न केला. आपले गाल ताठरलेत हे तिला कळत होतं, आणि पोरीलाही ते दिसतंय असं तिला वाटलं. संस्कृती रडली नाही. दचकलीसुद्धा नाही. दुकानातल्या अनोळखी बाईकडं बघावं तसं तिनं थोडा वेळ बघितलं, मग एक झाकण हातात घेतलं आणि रांगत स्वयंपाकघराकडं निघून गेली. आतून संजीवनीचा दबका आवाज आला, "अगं, बाहेर जा, बाहेर बस तितं." आणि पोरीचं हसणं.

स्वरूपा तिथंच बसून राहिली. सात महिने पोर तिच्या हातात आक्रोश करत होती, पण तो तिच्या नावानं होता. तिच्याकडूनच काहीतरी हवं होतं. आता काही नको होतं.

चार वाजता ऋषिराज म्हणाला, "आवर हिचं. उजेडात पोचू."

"राहू द्या तिला हितं," स्वरूपा म्हणाली.

"आगं, ठरलंय ना घरात?"

"नेली तर पुन्हा तसंच व्हईल. तिचं बी आन् माझं बी."

संजीवनी दारात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पोर राहणार म्हणून सुटलेला श्वास तिला लपवता आला नाही. स्वरूपानं फ्रॉक खाटेवर ठेवले. निघताना पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण ती झोपेला आली होती, झोप मोडेल म्हणून तिनं ठेवला नाही.

बारामतीत ऋषिराज औषधाच्या दुकानाशी थांबला, भेंडीवर माव्याची कीड पडली होती. पुन्हा गाडीला किक मारताना म्हणाला, "दिवाळीत आणू. जरा समज यील तवर तिला."

ती हं म्हणाली. समज आल्यावर तर ती मुळीच येणार नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

घरी ठमाबाई ओट्यावर वाट बघत होत्या. अंगणात पाळण्याची दोरी नव्यानं बांधलेली होती. दोघांचे मोकळे हात बघून तात्या उठून गोठ्याकडं गेले. ठमाबाई सुनेजवळ येऊन बसल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जीवाला लावून घिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "दुसरं व्हईल. समदी काय सारखी नसत्यात. ते शांत आसंल."

"मला नको, आई."

"आसं म्हणू न्हाई बाय."

"ते शांत असलं," स्वरूपा म्हणाली, "तर मग चूक माझीच व्हती असं व्हईल. आन् नसलं, तर मी पुन्हा ओढ्याला जाईन."

ठमाबाईंना ओढ्याचं काही कळलं नाही. गोठ्याच्या दारात वैरण घेऊन उभे असलेले तात्या तेवढे जागच्या जागी थांबले. स्वरूपानं साडी बदलली, टोपली घेतली आणि सकाळी तोडायची राहिलेली भेंडी तोडायला गेली. माल जून झाला होता. बोटांना काटे टोचत होते, पण तिनं हातमोजे घातले नाहीत. अंधार पडेपर्यंत ती तोडत राहिली.