पाच पिढ्यांचा मुंबईकर

कमलाकांतच्या घराण्यात कुणी कधी कुणाला रस्ता विचारला नव्हता. विचारायची गरजच काय? पाच पिढ्या गिरगावात गेलेल्या. घर ते फोर्टातलं ऑफिस, एवढीच त्यांची मुंबई, आणि तिथेही ट्राम नेऊन सोडायची. "आम्ही मूळचे मुंबईकर," असं वडील मनमोहनराव ज्या थाटात सांगत, त्या थाटात रस्ता विचारणं बसतच नव्हतं. अशा घरातल्या मुलाने कारकुनी सोडून लॉरी हाकावी! पण इंजिन गुरगुरलं की कमलाकांतचा चेहरा खुलायचा आणि फायली दिसल्या की पडायचा. त्याला कोण काय करणार?

लॉरी तो झकास चालवायचा. अडचण एवढीच, की गिरगावाबाहेर त्याला दिशा म्हणून कळत नसे. नाका आला की तळहाताला घाम सुटायचा. विचारावं म्हटलं तर पाच पिढ्या आडव्या येत. दोनदा माल उशिरा पोचला आणि दोन्ही वेळा त्याने पंक्चरची थाप मारली. शेवटी लॉरीचे आणि रे रोडच्या वखारीचे मालक दौलतशेठ म्हणाले, "हिंदमाता टॉकीजजवळ लग्नाचा मांडव आहे. बांबू आणि फळ्या दुपारच्या आत पोचव. मी तिथेच उभा असेन. उशीर झाला तर चावी माझ्या हातात द्यायची आणि वडलांच्या ऑफिसात जाऊन बसायचं." मनमोहनरावांनी तिथे खुर्ची धरून ठेवलीच होती.

"अहो, अडलात तर विचारा कुणाला तरी," निघताना बायको वासंती म्हणाली. "देवाने तोंड कशाला दिलंय?"

"मी? मुंबईत? रस्ता विचारू?" कमलाकांत म्हणाला आणि तोऱ्यात निघाला.

नेमका त्या दिवशी क्लीनर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेलेला. त्या वर्षी अर्धी मुंबई मोर्चात असे, तिथे क्लीनरची काय कथा. कमलाकांत एकटाच. शिवडीत शिरला आणि सगळी गोदामं एकसारखी दिसायला लागली. डावीकडे वळला, उजवीकडे वळला, आणि पुन्हा त्याच नाक्यावर आला. तिथे चंपा नावाची मालवणी बाई भजी तळत बसली होती. तिसऱ्यांदा लॉरी आली तशी तिने झारा उगारला.

"काय रे ड्रायवरा, प्रदक्षिणा घालतंस काय? हंय देव नाय, नुसती भजी आसत!"

"गाडी टेस्ट करतोय," कमलाकांत घाम पुसत म्हणाला. ऑफिसातली ती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात समोरून गोदी कामगारांचा मोर्चा आला आणि रस्ता भरून गेला. इंजिन बंद करावं लागलं. "मुंबई कुणाची?" पुढचा झेंडेवाला ओरडला. "आमची!" कमलाकांतनेही केबिनमधून बेंबीच्या देठापासून आवाज दिला. आवाज घराण्याचा, त्यामुळे चांगला लांब गेला. झेंडेवाला गंगाधर खूश होऊन फूटबोर्डवर चढला.

"वा ड्रायवरसाहेब! कुठं चाललाय?"

"हिंदमाताला."

"मग गाडीचं तोंड बंदराकडं का?"

कमलाकांतने थाप शोधली. सापडेना. ऊन वर चढत होतं. त्याने डोळे मिटले आणि म्हणून टाकलं, "मला रस्ता माहीत नाही."

"अवो, आत्ताच म्हणालात ना, मुंबई आमची!"

"आमचीच आहे हो," कमलाकांत काकुळतीला येऊन म्हणाला, "पण सापडत नाहीये!"

मोर्चा असा हसला की चंपाची भजी करपली. मग जो तो रस्ता सांगू लागला. एक म्हणे डावीकडे, दुसरा म्हणे वेडा की काय, उजवीकडे. त्यांचं आपसात जुंपलं, आणि कमलाकांतला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की रस्ता कुणालाच धड माहीत नसतो. "आम्ही परळला चाललोय, मागून या," गंगाधर म्हणाला. चालून दमलेल्या दोन म्हाताऱ्यांना फळ्यांवर बसवून लॉरी घोषणा देत परळला पोचली. तिथून पुढे कमलाकांतने पानवाल्याला विचारलं, पोलिसाला विचारलं, आणि हिंदमाताची पाटी दिसत असतानाही एका मास्तरीणबाईंना विचारलं. मजाच यायला लागली होती.

दुपार टळून गेली होती. दौलतशेठ मांडवाच्या दारात हात पुढे करून उभे होते.

"पंक्चर?"

"नाही शेठ. रस्ता चुकलो. मागच्या दोन्ही वेळाही चुकलोच होतो." त्याने चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मान मात्र खाली गेली नाही.

शेठनी चावी तळहातावर तोलली. "चुकणारा ड्रायवर चालतो मला," ते म्हणाले. "थापाड्या नाही चालत. उतरव माल. उद्या माझगावला जायचंय." आणि चावी त्यांनी परत दिली.

माझगाव म्हणजे वखारीच्या शेजारचं. गिरगावकराने तर डोळे मिटून जावं. कमलाकांतने चावी मुठीत घट्ट धरली, छाती पुढे काढली आणि मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शेठ, माझगावला कसं जायचं?"