टेगवेनची उमेदवारी

टेगवेन प्रॉसर आमच्या ऑफिसात कामाला लागली तेव्हा ती मला नवी नव्हती. अ‍ॅबरडेरसारख्या लहान गावात कोण कोणाला नवं असतं? तिचा बाप ग्विन इमारतींना परांच्या बांधतो, आई रिआनन बेकरीच्या काउंटरवर उभी असते, आणि पोरगी लहानपणापासून बोलताना अडखळते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती कायद्याची पदवी घेऊन येईल आणि आमच्या वकील मिस्टर हॉपकिनच्या हाताखाली घरांच्या खरेदीविक्रीचे कागद लावायला बसेल, असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

मी मायर. त्या ऑफिसच्या दारातल्या टेबलामागं माझं निम्मं आयुष्य गेलं. येणाऱ्याला बसवायचं, फोन घ्यायचे, मिस्टर हॉपकिन चिडले की चहा नेऊन ठेवायचा.

टेगवेनला सॉलिसिटर व्हायचं होतं. त्यासाठी नुसती पदवी पुरत नाही. दोन वर्षं कुठल्या तरी फर्ममध्ये उमेदवारी करावी लागते. मोठ्या फर्मांमध्ये या उमेदवारीच्या जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर. मिस्टर हॉपकिन तिला म्हणाले होते, "इथंच राहा की. माझ्या हाताखाली हळूहळू होशील सॉलिसिटर. घरं काय, लोक विकतच राहणार."

"घरं नकोत मला, मिस्टर हॉपकिन," ती म्हणाली. "इमारत प-पडल्यावर जी भांडणं होतात ना, ती हवीत."

बापाच्या धंद्यामुळं असेल. जेवताना त्यांच्या घरात विषय एकच, काम कुणी लांबवलं आणि भुर्दंड कुणी भरायचा. ऐकून ऐकून पोरीला त्याची गोडी लागली होती. पण असले खटले चालवायच्या मोठ्या फर्मा कार्डिफला, ब्रिस्टलला, लंडनला. म्हणून तिथंच अर्ज.

लेखी अर्जात तिला तोड नव्हती. कॉम्प्युटरवरच्या परीक्षाही ती सहज पार करायची. गाडी अडायची ती पुढं. मुलाखत घ्यायला समोर माणूसच नसायचं. पडद्यावर प्रश्न उमटणार, विचार करायला जेमतेम अर्धं मिनिट, मग उत्तराला दोन मिनिटं. दोन मिनिटं संपली की तुमचं वाक्य अर्धं राहो नाहीतर शब्द, खेळ खलास.

घरी धाकट्या भावांचा दंगा, म्हणून ती आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून या मुलाखती द्यायची. दार लोटलेलं असलं तरी मला ऐकू यायचं. आधी शांतता. मग एखादा शब्द दाराच्या फटीत बोट अडकावं तसा अडकायचा. मग पुन्हा शांतता. बाहेर आली की ती सरळ नळाकडं जायची आणि गटागटा पाणी प्यायची.

"कसं झालं गं?"

"नाव सांगून झालं," ती म्हणायची. "पुढचं त्यांनी समजून घ्यावं."

अडणारा शब्द दुरून दिसला की त्याला वळसा घालायचा, ही तिची जुनी सवय. कॉफीच्या दुकानात नाव विचारलं तर 'सारा' म्हणून मोकळी व्हायची, कारण टेगवेनचा 'टे' ऐनवेळी दगा द्यायचा. पण मुलाखतीत हे कसं चालणार? एकदा मला म्हणाली, "आंटी मायर, कायद्यात शब्द बदलता येत नाही गं. प्रतिवादीला प्रतिवादीच म्हणावं लागतं. 'तो दुसरा माणूस' म्हणून कसं चालेल?"

अशी दोन वर्षं गेली. शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात नकार. प्रत्येक अर्जात एक प्रश्न असायचा, तुम्हाला काही वेगळी सोय हवी आहे का. ती जागा टेगवेन कोरी सोडायची.

मग तो बेनन बाईंचा दिवस आला. म्हाताऱ्या मिसेस बेनन स्वान्सीतल्या नव्या घरात राहायला चालल्या होत्या. सामानाचा ट्रक आमच्या दाराशी उभा, बाई माझ्यासमोर मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसलेल्या. घर विकणाऱ्याच्या वकिलानं हो म्हटल्याशिवाय किल्ल्या मिळणार नव्हत्या आणि मिस्टर हॉपकिन नेमके दातांच्या डॉक्टरकडं. टेगवेननं माझ्याच टेबलावरून फोन लावला.

"मी ट... ट..."

पलीकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो? लाइन खराब आहे वाटतं." फोन बंद.

तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी हळूच हात पुढं केला, म्हटलं दे, मी बोलते. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी हात मागं घेतला. कानशिलं लाल झाली होती पोरीची. तिसऱ्यांदा फोन लागला आणि तो माणूस पुन्हा लाइनबद्दल बोलायला लागला, तशी ती म्हणाली:

"लाइन उत्तम आहे. मी तोतरी आहे. आता मी बोलणार, आणि तुम्ही थ... थ... थांबणार."

तो थांबला. अडखळत का होईना, तिनं सगळं सांगितलं. दुपारच्या आत किल्ल्या मिळाल्या. मिसेस बेनन उठताना तिला म्हणाल्या, "छान झापलंस मेल्याला." टेगवेन हसली.

त्या वर्षीच्या अर्जात तिनं ती जागा भरायचं ठरवलं. मी त्या रविवारी त्यांच्याकडं चहाला गेले होते. रिआनननं तव्यावरचे बेदाण्याचे केक काढले होते आणि लेकीवर तोंड सोडलं होतं.

"लंगडा घोडा बाजारात नेताना कुणी दवंडी पिटतं का? वाचल्या वाचल्या नावावर फुली मारतील!"

"मी घोडा नाही, मॅम." आईला ती मॅमच म्हणायची.

"मला कळतंय गं तू कोण आहेस ते. त्यांना कळायला नको का आधी?"

"तेच तर स-सांगतेय त्यांना."

"मायर, तू तरी सांग हिला."

मी केक तोंडात घातला. ग्विन म्हणाला, "आजवर लपवलं. काय मिळालं लपवून?"

रिआनननं ताटली जरा जोरातच आपटली.

टेगवेननं स्पष्ट लिहिलं: मी बोलताना अडखळते, यंत्रासमोर दोन मिनिटांत माझं बोलणं होत नाही, मला समोर माणूस हवा आणि घड्याळ नको. एका लंडनच्या फर्मनं उदार होऊन अर्धं मिनिट वाढवून दिलं. एकीनं उत्तरच दिलं नाही. कार्डिफच्या खाडीवरच्या मोठ्या फर्मनं मात्र एका बाईंना तिच्याशी बोलायला बसवलं, आणि त्यांनी तिला दिवसभराच्या निवडीसाठी बोलावलं.

त्या दिवसाचं तिनं मला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं, तेच सांगते. एका टेबलाभोवती पोरंपोरी, सगळी इस्त्रीची, सगळी भडाभडा बोलणारी. सकाळी लेखी काम होतं. दुपारी दोघादोघांच्या जोड्या लावून वाटाघाटी. टेगवेनच्या वाट्याला फर्गस अ‍ॅलनबी नावाचा उंच, देखणा मुलगा आला. तो ठेकेदाराच्या बाजूनं, ती इमारतीच्या मालकाच्या बाजूनं. काम रखडलंय, तडजोड करायची. कोपऱ्यात फर्मच्या एक पार्टनर बसलेल्या, हेलेद व्हॉन नावाच्या, मांडीवर कागद घेऊन.

फर्गसनं पहिलाच प्रस्ताव चांगला दिला. टेगवेनला म्हणायचं होतं, परफेक्ट. 'प'वर ती अडकली. ओठ मिटले ते उघडेचनात. तोंडातून हवासुद्धा सुटेना. फर्गस तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिला, खुर्चीत चुळबुळला आणि म्हणाला, "बरं बरं, तुम्हाला हे फारच कमी वाटत असेल, तर मुदत आणखी दोन आठवडे अलीकडं आणू." टेगवेन बघतच राहिली. थोड्या वेळानं ती पुन्हा तशीच थांबली, तशी त्यानं आणखी एक गोष्ट सोडली.

मला हसू आवरेना. "म्हणजे तू न बोलता जिंकलीस?"

"ऐक तर पुढं," ती म्हणाली.

संपल्यावर हेलेद व्हॉननी तिला बाजूला बोलावलं. "त्याच्या पहिल्या प्रस्तावानंतर तुम्ही गप्प राहिलात. ती युक्ती होती का?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण टेगवेन म्हणाली, "नाही. मी त्याचा प-पहिला प्रस्ताव मान्यच करत होते. शब्द निघाला नाही."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा मात्र मुद्दाम."

बाई खळखळून हसल्या म्हणे. ते ऐकून मी मनातल्या मनात तिला कार्डिफला पाठवूनही दिलं. रिआननला रस्त्यात गाठून सांगितलंसुद्धा, की जागा मिळाल्यातच जमा समज.

पुढच्या आठवड्यात हेलेद व्हॉन बाईंचा फोन आला आणि तो नकाराचा होता. टेगवेन मागच्या खोलीत बोलत होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला कळेना. रडलेलीही दिसेना, चिडलेलीही दिसेना.

"काय म्हणाल्या?"

"सकाळच्या लेखी कामात मी चुकले. कराराच्या शेवटच्या परिशिष्टात लिहिलं होतं की तक्रार लेखीच द्यायची, नाहीतर हक्क जातो. मी ते प-परिशिष्ट वाचलंच नाही." ती टेबलाच्या कडेवर टेकली. "आंटी मायर, मला चुकीमुळं नाकारलं. माझ्या चुकीमुळं! जिभेमुळं नाही."

"मग यात खूश काय व्हायचं?"

"चूक सुधारता येते ना गं."

आणि तिनं कंबर कसली. मिस्टर हॉपकिनकडं जाऊन उभी राहिली: तुमच्या कपाटातले जुने बांधकामाचे करार मला द्या. त्यांनी आधी कुरकुर केली. मग त्यांनाच चेव चढला. करारातलं एखादं खोचक कलम हेरून ठेवायचे आणि ते टेगवेनला सापडतं का, याची वाट बघत दाराआडून डोकवायचे. तिला ते सापडलं की त्यांचं तोंड पडायचं आणि सापडलं नाही की दिवसभर शीळ घालायचे. घरांच्या फायली माझ्या टेबलावर साचायला लागल्या, ते वेगळंच.

वसंतात ब्रिस्टलच्या एका फर्मची तारीख आली. बांधकामाच्या खटल्यांत त्या फर्मचं मोठं नाव. तिथंही टेगवेननं आधीच सगळं लिहून कळवलं होतं. लेखी काम झालं. या वेळी तिनं शेवटच्या पानापासून मागं वाचत आणलं. मग मुलाखत. समोर दोघं, एक बाई आणि एक पिकल्या केसांचे गृहस्थ. गृहस्थ स्वभावानं भले असावेत, पण ती अडली की तिचं वाक्य तेच पुरं करून टाकायचे. दोनदा तिनं चालवून घेतलं. तिसऱ्यांदा ते चुकीचंच वाक्य पुरं करून बसले.

"मला ते म्हणायचं नव्हतं," ती म्हणाली. "माझी वाक्यं मीच संपवते. वेळ लागतो, पण स-संपवते."

ते गृहस्थ गोरेमोरे झाले. मग बाईंनी विचारलं, आणि हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारणारच होतं: "कोर्टात न्यायाधीश थांबले नाहीत तर? अशिलाला घाई असली तर?"

टेगवेन म्हणते, तिला खरं तर एक पाठ केलेलं उत्तर द्यायचं होतं. ते तिनं दिलं नाही. "काही जण थांबणार नाहीत," ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. त्या दिवशी मला कठीण जाईल आणि दुसऱ्या दिवशी मी प-परत येईन. पण तुम्ही वाचायला दिलेल्या करारात पंधराव्या कलमात आणि परिशिष्टात तारखा जुळत नाहीत. मला त्याबद्दल विचारा ना. तुम्ही अजून ते विचारलंच नाही."

मग त्यांनी ते विचारलं आणि ठरलेल्या वेळेच्या बरंच पुढं बसून राहिले.

बुधवारी उत्तर आलं. टेगवेन आणि मी दुपारचं सँडविच खात होतो. तिनं फोनवर वाचलं, मग फोन माझ्यापुढं सरकवला, कारण तिला दिसत नव्हतं, डोळे भरले होते. सप्टेंबरपासून, दोन वर्षांसाठी. मी ओरडले तशी मिस्टर हॉपकिन धावत बाहेर आले. त्यांना वाटलं मी पडले की काय. कळल्यावर त्यांनी तिचा हात हातात घेतला, बराच वेळ हलवला आणि म्हणाले, "पंधरावं कलम. शाब्बास." मग आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघी बेकरीत गेलो. दुकानात गिऱ्हाईकांची रांग लागली होती. टेगवेननं रांगेत उभं राहूनच आईला सांगायला सुरुवात केली. "मॅम, ब्र... ब्र..." रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. रिआननच्या हातात अर्धी भरलेली पिशवी तशीच राहिली. तिनं लेकीला मदत केली नाही, घाई केली नाही, नुसती बघत राहिली.

"...ब्रिस्टल. मिळाली मला जागा."

रिआनन काउंटर सोडून बाहेर आली आणि पीठ लागलेल्या हातांनीच तिनं तिला मिठी मारली. टेगवेनचा काळा कोट पांढरा झाला. मग डोळे पुसत रिआनन रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाली, "आमची पोरगी वकील झाली."

"अजून दोन वर्षं आहेत, मॅम. शिवाय प-परीक्षा."

"दे की मग," रिआनन म्हणाली. "तुला कुणी अडवलंय?" आणि त्या माणसाला त्याचा पाव द्यायला ती परत काउंटरमागं गेली.